बहुमत आणि न्याय



बहुमताने झालेला प्रत्येक निर्णय न्याय्य असतो काय? अमेरिकेतील कॅन्सस प्रांताचा इतिहास पाहा. तेथे गुलामगिरी असावी की नसावी, हे १८५४ च्या कायद्याने रहिवाशांच्या मतावर सोडले. मार्च १८५५ मध्ये विधिमंडळाची निवडणूक झाली. शिरगणतीप्रमाणे मतदार होते २,९०५; मते पडली सहा हजारांवर! शेजारच्या मिसुरी राज्यातून गुलामगिरीचे समर्थक हत्यारे घेऊन आले, मते देऊन परत गेले. अशा विधिमंडळाने गुलाम बाळगण्याचा हक्क नाकारणे हाच गुन्हा ठरविला.

आपण म्हणाल, ही तर लबाडी झाली. खरे आहे. पण समजा, एकही खोटे मत पडले नसते, तरी तो कौल न्याय्य ठरला असता काय? ज्याच्या पायात बेडी होती, त्याला मतच नव्हते! इतरांनी मते मोजायची आणि त्याने भोगायचे, याला लोकशाही कसे म्हणावे?

१८६१ साली कॅन्सस गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून संघराज्यात आले. तरीही प्रश्न उरतोच. म्हणून मत जरूर द्या; परंतु देण्यापूर्वी स्वतःला विचारा, या निर्णयाचे ओझे ज्याच्या पाठीवर पडणार, त्याला बोलू दिले आहे काय? माणसाचे माणूसपण कोणत्याही बहुमताच्या स्वाधीन करता येत नाही.