लघवीची गळती आणि शुचिता

खोकताना, शिंकताना किंवा शौचालयापर्यंत पोहोचण्याआधी लघवी सुटणे हा शरीरदोष आहे. बाळंतपण, रजोनिवृत्ती, मधुमेह, वाढते वय, प्रोस्टेटची शस्त्रक्रिया ही त्याची काही कारणे. अशी व्यक्ती दिवसभर कामावर असताना पूजेस किंवा प्रार्थनेस पात्र राहते का, हा धर्मविचारातला जुना प्रश्न आहे.

पतंजलींच्या योगसूत्रांत शौच हा पाच नियमांपैकी पहिला. त्यावरील व्यासभाष्य शौचाचे बाह्य आणि आंतर असे दोन प्रकार मानते. पहिले पाणी व माती यांनी साधते, दुसरे मनातील मळ धुतल्याने. गळतीमुळे बाधा येते ती पहिल्याला. दुसरे अबाधित राहते.

इस्लामी धर्मशास्त्राने याचा तपशीलवार विचार केला आहे. ज्याची गळती थांबतच नाही, तो ‘माजूर’, म्हणजे सवलतीस पात्र, ठरतो. हनफी मतानुसार त्याने प्रत्येक नमाजाच्या वेळेसाठी एकदा वजू (नमाजाआधीची पाण्याने केलेली शुद्धी) करावी. त्या वेळेत पुन्हा गळती झाली तरी तेवढ्याने वजू मोडत नाही. शक्य तेवढी गळती रोखण्याची काळजी मात्र घ्यावी.

दोन्ही परंपरांत हेतुपुरस्सर अस्वच्छता आणि आवाक्याबाहेरची विकलता यांत फरक होतो. त्यामुळे गळतीच्या प्रमाणानुसार निवडलेले, कपड्यांखाली न दिसणारे पॅड, ते वेळेवर बदलणे आणि त्वचा कोरडी ठेवणे ही बाह्य शौचाचीच साधने होत. ती झाकून वापरणे ही फसवणूक नव्हे, कारण त्यातून कोणाचेही नुकसान होत नाही. मात्र त्रास नवा असेल किंवा वाढत असेल, तर वैद्यकीय तपासणी आवश्यक आहे.