कुशल कोण?

धर्मकार्यात दर्भाचे स्थान अनन्यसाधारण आहे. संकल्पाच्या वेळी अनामिकेत धारण करावयाचे पवित्र दर्भाचेच असते. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितलेल्या ध्यानाच्या आसनातही कुश आहे. दर्भ या नावाने एकाहून अधिक गवते ओळखली जातात. त्यांतील प्रमुख हा कुश होय. नदीकाठच्या वाळवट, कोरड्या जमिनीत तो वाढतो. त्याची भूमिगत खोडे दूरवर पसरून सुटी वाळू बांधून ठेवतात. पात्यांच्या कडा मात्र धारदार असतात. निष्काळजीपणे ओढल्यास बोट कापते.

म्हणूनच ‘कुशल’ या शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती अशी सांगतात की, जो कुश नीट आणतो तो कुशल. पण ‘नीट’ म्हणजे हात न कापता, एवढेच काय?

त्र्यंबकेश्वराची कथा भाविकांना परिचित आहे. गौतम ऋषींनी शेतात शिरलेल्या गायीला दर्भाने हाकलले आणि ती गतप्राण झाली. त्या पातकाच्या क्षालनार्थ त्यांनी तपश्चर्या करून गंगा ब्रह्मगिरीवर आणली. ती वारंवार गुप्त होऊ लागली, तेव्हा त्यांनी कुशानेच तिला अडविले. तेच कुशावर्त तीर्थ. गवत तेच, एकदा त्याने प्राण गेला, एकदा नदी स्थिरावली.

श्रावणातील अमावास्येस वर्षभराचे दर्भ आणण्याची प्रथा आहे. पितृकार्यात तर समूळ दर्भ घ्यावेत, असा शास्त्रसंकेत आहे. मग मूळ उपटणे हा अधर्म नव्हे काय? तसे वाटत नाही. जमिनीत खोडाचा अंश राहिला तर कुश पुन्हा फुटतो. एका जुडीने तो संपत नाही. तो संपतो काठची वाळूच उपसली जाते तेव्हा. त्या वाळूने आपली घरे उभी राहतात, धर्मशाळा आणि सभामंडपही उभे राहतात. मग त्याच वास्तूच्या शांतीसाठी दर्भ कोठून आणावा?

देवकार्यासाठी घेतले, म्हणून घेण्याचा हिशेब माफ होत नाही. उलट तेथे तो अधिक काटेकोर असावा. आपल्या हाताला जपतो तो सावध. परंतु घेतल्यावर मागे मूळ आणि त्या मुळाला थारा ठेवतो, तोच खरा कुशल. दर्भाचे पवित्र बोटात घालताना प्रत्येकाने एवढे स्मरण ठेवावे.