सोडून देणें

बाणानें विद्ध झालेला हंस कोणाचा, या वादाचा निवाडा सिद्धार्थ व देवदत्त यांच्या कथेंत शहाण्या माणसांनीं थोडक्यांत केला आहे: मारणाऱ्यापेक्षां वाचविणाऱ्याचा हक्क मोठा. 1972 सालचा आपला वन्यजीव संरक्षण कायदा या निवाड्याच्या पुढें जातो. त्याच्या 39 व्या कलमान्वयें असा प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो, आणि तो ज्याच्या हातीं येईल त्यानें 48 तासांच्या आंत वर्दी दिली पाहिजे. म्हणजे हंस देवदत्ताचा नव्हेच, पण सिद्धार्थाचाही नव्हे. दयेलाही सरकारचा परवाना लागावा, हें ऐकून आमच्या पुष्कळ वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील. आमच्याही पडत असत.

परंतु एक गोष्ट आम्हांस कबूल केली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं वादळांत ढोलीचें झाड पडून पोपटाचें एक पिलूं आमच्या अंगणांत आलें. वर्दी कोण देतो? मुलांनीं भिजवलेली डाळ भरवून तें वाढविलें, आणि पंख फुटल्यावर गांवाबाहेरच्या आमराईंत आम्हीं मोठ्या समारंभानें पिंजऱ्याचें दार उघडलें. पांखरूं उडालें, आणि पहिला माणूस दिसतांच डाळीच्या आशेनें खालीं उतरलें. संध्याकाळच्या आंत कुत्र्यानें तें नेलें. घरीं मात्र आम्हीं सर्वांस सांगितलें कीं, तें थव्यांत मिसळलें.

त्या दिवसापासून दार उघडणें आणि मुक्त करणें या दोन क्रियांतील अंतर आम्हांस छळीत आलें आहे. मनुष्य बंधनांतून सुटला कीं तो स्वतंत्र झाला असें आपण म्हणतों. तें त्याच्यापुरतेंही कितपत खरें आहे, हा वाद येथें नको. वन्य प्राण्याचें स्वातंत्र्य त्याच्या जागेंत असतें. पाणवठा कोठें, भक्ष्य कोठें, शेजारी कोण, हें ज्ञान काढून घेतलें म्हणजे उघडें रानही त्याला परकें होतें.

जुन्नर तालुक्याचा अनुभव या बाबतींत बोलका आहे. पाटाच्या पाण्यानें तेथें ऊस आला, आणि उसांत बिबटे नांदूं लागले. त्यांना धरून दूरच्या रानांत सोडण्याची मोहीम झाली. अभ्यासकांनीं पुढें हिशेब मांडला तेव्हां असें दिसलें कीं, 1993 ते 2001 या काळांत माणसांवर वर्षास सरासरी 4 हल्ले होत. मोहीम सुरू झाल्यावर ती सरासरी 17 वर गेली. शिवाय जेथें ते सोडले त्या रानांच्या आसपासही हल्ले झाले. कारण उघड आहे. उपरा बिबट्या परक्या मुलखांतून आपल्या ठिकाणाकडे निघतो, आणि त्याची मोकळी जागा दुसरा घेतो. हेतु प्राण वाचविण्याचा होता, यांत आम्हांस शंका नाहीं; किंमत मात्र ज्यांना कोणीं विचारलें नव्हतें त्यांनीं दिली. केंद्र सरकारच्या 2011 सालच्या मार्गदर्शक सूचना असें स्थलांतर टाळावयास सांगतात तें यामुळेंच.

ऊसतोडींत सांपडणाऱ्या बछड्यांची गोष्ट याहून नाजूक आहे. डोळे न उघडलेलीं तीं पिल्लें पाहून तीं पोरकीं आहेत असें कोणाही सज्जनास वाटतें. वस्तुतः आई जवळच दडलेली असते. म्हणून तपासणी करून पिल्लें त्याच जागीं पेटींत ठेवतात, माणसें दूर होतात, आणि रात्रीं मादी येऊन एकेक पिलूं तोंडांत धरून नेते. ती न आली तर पुढें बहुधा माणिकडोहच्या केंद्रासारख्या ठिकाणीं जन्मभराचा पिंजरा. बिबट्यासारख्या प्राण्यास कारणें लेखी नमूद केल्यावांचून बंदींत ठेवूं नये, असें कायदा सांगतो. तीं कारणें माणसानें लावलेल्या लळ्यानेंच पुष्कळदां निर्माण होतात. येथें दया करणें म्हणजे हात मागें घेणें होय, आणि तें हातीं घेण्याहून कठीण आहे, हें आम्ही अनुभवानें सांगतों.

एवढें लिहून नियमांची बाजू आम्हांस पटली असें म्हणून थांबतां आलें असतें. पण ती पेटी ज्या फडांत ठेवतात त्याच्या बांधापलीकडे ऊसतोड मजुरांच्या कोप्या असतात. तेथें एक बाई आपलें मूल कुशीस घेऊन निजलेली असते, आणि त्या रात्रीं फडांत मादी येणार हें तिलाही ठाऊक असतें. दोघी आपापल्या पिलांसाठींच जाग्या असतात. मादीला तिचीं पिल्लें परत मिळालीं हें सकाळीं ऐकून आपणांस आनंद होतो. त्या बाईला ती रात्र कशी गेली, हें तिच्या कोपींत जाऊन विचारावयाचें आमच्याकडून अजून राहिलें आहे.