आदरातला अनादर

दुसऱ्या समाजाच्या चालीरीतींची पायमल्ली करणारा मनुष्य त्या समाजाला हीन समजत असलाच पाहिजे, आणि जो त्या चालीरीतींचा अभ्यास करतो, त्यांची बूज राखतो, तो वंशद्वेषाच्या दोषापासून आपोआप मुक्त होतो, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षितांत रूढ आहे. ती मला पटत नाही. वंशद्वेष आणि परसंस्कृतीविषयीची बेपर्वाई पुष्कळदा एकाच घरात आढळतात हे खरे. परंतु एकीवाचून दुसरी सुखेनैव नांदू शकते, आणि बेपर्वाईची साथ सुटलेला वंशद्वेष तर अधिकच दुर्धर होतो.

१८९७ च्या मार्च महिन्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँडसाहेबाच्या हुकमतीखाली गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या पुण्याच्या घराघरांतून तपासणी करू लागल्या, तेव्हा बुटांनिशी स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरणाऱ्या त्या लोकांविषयी जो संताप उसळला, त्याची परिणती जूनमध्ये गणेशखिंडीच्या रस्त्यावर कशी झाली हे महाराष्ट्राला सांगावयास नको. सोजिराला सोवळे ठाऊक नव्हते, आणि नुसत्या अज्ञानाचाच प्रश्न असता तर चार जाणत्या माणसांनी त्याला समजावून तो मिटलाही असता. परंतु माहितीची वाण सरकारला खरोखर नव्हती. इथल्या माणसांना काय रुचते आणि काय सलते हे सांगणारे एतद्देशीय गृहस्थ, कारकून आणि वृत्तपत्रे त्याच शहरात होती, आणि अर्जविनंत्याही होत होत्या. वानवा होती ती निराळ्याच गोष्टीची: ज्याच्या उंबरठ्याच्या आत शिरावयाचे त्याचा नकार विचारात घेण्याजोगा आहे, या जाणिवेची.

हाच रोग आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला पोहोचला तेव्हा तर संस्कृतीचा प्रश्नदेखील उपस्थित झाला नाही. १९०१ साली केपटाउनमध्ये प्लेग आला. त्याने गोऱ्यांनाही सोडले नाही, पण शहराबाहेर उइटफ्लुख्त येथे नेऊन ठेवण्यात आले ते आफ्रिकी लोकांना. १९०४ मध्ये जोहान्सबर्गला हिंदी लोकांची वस्ती जाळून टाकण्यात आली आणि रहिवाशांना दूर क्लिपस्प्रुइटला हलविण्यात आले. गांधीजी त्या साथीत रुग्णांची शुश्रूषा करीत होते. त्याच क्लिपस्प्रुइटच्या परिसरात पुढे सोवेटो वाढले.

परंतु ज्या गृहस्थामुळे हा विषय माझ्या मनात घोळत राहिला, तो सोजीर नव्हता आणि आरोग्यखात्याचा अंमलदारही नव्हता. वेर्नर आयसेलन हा ट्रान्सवालमधील एका जर्मन मिशनऱ्याचा मुलगा, १८९९ साली मिशनच्या ठाण्यावरच जन्मलेला. आफ्रिकी भाषा त्याला लहानपणापासून अवगत होत्या. जर्मनीत जाऊन त्याने त्यांचाच शास्त्रोक्त अभ्यास केला आणि परतल्यावर स्टेलेनबॉशच्या विद्यापीठात मानववंशशास्त्राचे अध्यापन केले. काळ्या माणसाची बुद्धी जन्मतःच कमी असते, हा त्या काळी सर्रास चालणारा सिद्धांत त्याने शास्त्रीय पुराव्याअभावी अमान्य केला होता. आफ्रिकी जमातींच्या भाषा, विधी, कुलव्यवस्था जतन व्हाव्यात अशी त्याची कळकळ होती, आणि ती केवळ दांभिक होती असे म्हणण्यास मी धजत नाही. हाच मनुष्य १९४९ मध्ये देशी लोकांच्या कारभारखात्याचा सचिव झाला, फेरवूर्ट त्या खात्याचा मंत्री असताना त्याचा उजवा हात ठरला, आणि अपार्टहाइटच्या, म्हणजे वंशांच्या सक्तीच्या विभागणीच्या, इमारतीचा एक प्रमुख शिल्पकार म्हणून इतिहासात नोंदला गेला. वंशाच्या श्रेष्ठकनिष्ठतेवर नव्हे, तर संस्कृतींच्या भिन्नतेवर त्याने ही विभागणी उभी केली: प्रत्येक जमातीची संस्कृती स्वतंत्र आहे, ती भ्रष्ट होऊ नये, म्हणून तिला तिच्या मुलखात, तिच्या भाषेत, तिच्या पायरीवर राहू द्यावे.

त्याच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालातून १९५३ चा बांटू शिक्षणाचा कायदा निघाला. मिशनच्या शाळा सरकारी अंमलाखाली आल्या आणि प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याचा हुकूम झाला. मातृभाषेतून शिक्षण म्हटले की मराठी माणसाची मान आपोआप डोलते; माझीही डोलते. पण तिकडचे पालक इंग्रजी मागत होते, कारण शहरातील बरी नोकरी, न्यायालय, आणि एका जमातीचा दुसऱ्या जमातीशी राजकीय सलोखा हे सारे त्या भाषेच्या दारातून जात होते, आणि नेमके ते दारच या आदराने बंद केले. आयसेलनला जमातीची संस्कृती पूज्य होती. त्या संस्कृतीत जन्मून तिच्यातले काही टाकू पाहणारा, काही मोडू पाहणारा मनुष्य मात्र त्याच्या हिशेबात बसत नव्हता. आपला वारसा मोडण्याचा हक्क ज्याला नाही, तो त्या वारशाचा मालक कसला?

आपल्याकडे हा युक्तिवाद परका वाटण्याचे काही कारण नाही. प्रत्येक जातीचा आचार भिन्न, ज्याने त्याने आपला पाळावा, यात कोणाचा अपमान नाही, असे सांगणारे विद्वान पिढ्यान्‌पिढ्या मान मिळवून गेले. ज्या वाड्यांतून सोजिराच्या बुटांविरुद्ध न्याय्य ओरड झाली, त्यांतल्या बहुतेकांच्या विहिरीवर अस्पृश्याची सावलीही चालत नव्हती. १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर स्पृश्यांनी दिवाणी दावा लावला तो वहिवाटीच्या आधारावर. तळे परंपरेने आमचे, एवढेच त्यांचे म्हणणे; तो दावा उच्च न्यायालयात १९३७ साली निकालात निघाला, आणि अशी अनादि वहिवाट शाबीत झाली नाही. ती शाबीत झाली असती तर? न्यायाधीशांसमोर तो प्रश्न यावयाचा नव्हता, पण आपल्यासमोर तो आहे.

आयसेलनच्या व्यवस्थेचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. १९७४ साली बांटू शिक्षणखात्याने वरच्या वर्गांत गणितासारखे काही विषय आफ्रिकान्समधून शिकविण्याचा हुकूम काढला. मातृभाषेच्या पावित्र्याची जी थोरवी वीस वर्षे गायली गेली होती, तिची आठवण कोणाला राहिली नाही, आणि शिक्षकांच्या तक्रारींनाही कोणी दाद दिली नाही. १६ जून १९७६ रोजी सोवेटोतील विद्यार्थी हजारोंच्या संख्येने रस्त्यावर आले आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पहिला हुकूम संस्कृतीच्या गौरवार्थ निघाला होता, दुसरा तिला कस्पटासमान लेखून. दोन्ही एकाच राजवटीने काढले, आणि दोन्ही वेळा त्या मुलांना किंवा त्यांच्या आईबापांना कोणी विचारले नव्हते.