अज्ञात, पण कोणाला?

बमरोलीला आमच्या मामेबहिणीचे घर आहे. मूळचे कुटुंब धुळे जिल्ह्यातले. सुरतेच्या या बाजूला, पांडेसराच्या औद्योगिक वसाहतीला लागून, खानदेशातून आलेल्या कुटुंबांच्या गल्ल्याच्या गल्ल्या आहेत. तिच्या स्वयंपाकघरातील फळीवर लोणच्याची चिनी मातीची बरणी असते. वरचा भाग तपकिरी, खालचा पांढरट, आणि तोंडावर जुन्या छापील साडीचा तुकडा दादरा म्हणून बांधलेला. मराठी घरांना या दृश्यात नवल वाटू नये. मातीचे भांडे आणि छापील कापड यांची ही जोडी कोणा कलावंताने जुळवलेली नाही. मुंग्या आणि दमट हवा यांनी ती जुळवली आहे.

गेल्या वर्षी आमच्या मंडळाने घरगुती वापराच्या वस्तूंचे लहानसे प्रदर्शन मांडायचे ठरवले, तेव्हा ही बरणी दादऱ्यासकट मागून घेतली. वस्तूंशेजारी ठेवायची कार्डे लिहिण्याचे काम आमच्याकडे होते. बरणीच्या बुडाशी कारखान्याचा शिक्का होता, तो उतरवून घेतला. (गुजरातेत चिनी मातीचा उद्योग रुजवणाऱ्यांत परशुराम गणपुले हे मराठी नाव आहे, ही माहितीही आम्ही मोठ्या अभिमानाने जोडली.) दादऱ्यासाठी लिहिले : ‘छापील कापड, सुरत. कारागीर अज्ञात.’ बहिणीचा मुलगा बमरोलीतच एका प्रिंटिंग मिलमध्ये कामाला आहे. त्याने कार्ड वाचले आणि सहज विचारले, “मामा, अज्ञात म्हणजे कोणाला?”

आम्ही हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र राहिला.

त्याचे काम काय असते, हे आम्ही तोवर कधी विचारले नव्हते. मागावरून उतरलेला कोरा ताका ‘ग्रे’ म्हणून मिलमध्ये येतो. तो धुऊन, ताणून छपाईच्या यंत्रावर चढवतात. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी. सहा रंगांचे फूल असेल तर सहा जाळ्या, आणि त्या एकमेकींशी अचूक जुळल्या नाहीत तर पाकळी एकीकडे आणि तिची कड दुसरीकडे जाते. ही जुळणी यंत्र चालू असताना डोळ्यांनी पाहावी लागते. रंग दाट झाला तर जाळी तुंबते, पातळ झाला तर फुटतो. मग वाफ, मग धुलाई. भाचा ज्याला ‘नजर ठेवणे’ म्हणतो, ते आम्ही एखाद्या चित्रकाराच्या बाबतीत ‘दृष्टी’ म्हटले असते. पाळी बारा तासांची असते. कापडाच्या काठावर पुष्कळदा नाव छापलेले असते, पण ते मालाचे किंवा पेढीचे. आणि शिंपी तेवढाच काठ शिवणीत दुमडतो.

भांडे आणि छापील कापड यांना जाणीवपूर्वक एकत्र आणणारे कलावंतही झाले. लंडनमध्ये 1913 साली रॉजर फ्राय यांनी ओमेगा वर्कशॉप्स ही संस्था काढली. व्हनेसा बेल आणि डंकन ग्रँट हे दोघे चित्रकार तिचे सहसंचालक. भांडी, पडदे, गालिचे, खुर्च्या असे सारे तेथे एका छताखाली मांडले जाई, आणि नियम असा की कोणत्याही वस्तूवर कलावंताची सही नसावी. फक्त ओमेगा हे ग्रीक अक्षर असावे. 1919 मध्ये संस्था बंद झाली. आज मात्र संग्रहालयांतून त्या वस्तूंशेजारी बेल आणि ग्रँट यांची नावे वाचायला मिळतात. अभ्यासकांनी ती शोधून काढली. ते छापील कापड प्रत्यक्षात फ्रान्समध्ये, रूआँजवळच्या एका कारखान्यात छापले जाई. तेथील छपाईवाल्यांना निनावी राहायचे आहे का, असे कोणी विचारले असेल असे आम्हांस वाटत नाही. निनावीपण पत्करणे आणि निनावीपण वाट्याला येणे या दोन गोष्टी एकाच नियमाखाली नांदत होत्या, आणि नियमाचे श्रेय पहिल्यांना मिळाले.

यावर आमच्याच मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी आक्षेप घेतला, आणि तो हलका नाही. कारागिराचे नाव नसणे हीच आपल्या परंपरेची नम्रता, लेणी खोदणाऱ्यांनी कोठे नावे कोरली, असे त्यांचे म्हणणे. आम्हांला तेव्हा गोरोबा आणि नामदेव आठवले. एक कुंभार. दुसरे शिंप्याच्या कुळातले, ज्यांना उत्तरेत कापड छापणारे छीपा आपले मानतात. गोरोबांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही कथा अहंकार उतरवणारी आहे खरी. पण अहंकार सोडायला सांगणाऱ्या या मंडळींनीच अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा ठेवली. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईने ती ठेवली नसती, तर आपण तिच्या अभंगांशेजारीही ‘अज्ञात’ असेच कार्ड लावले असते. नम्रता ज्याची त्याने दाखवायची असते. दुसऱ्याच्या वतीने आपण ती दाखवू लागलो की तिला वेगळे नाव द्यावे लागेल.

अडचण अशी की दादऱ्याच्या त्या तुकड्यावर नाव लिहायचे तरी कोणाचे? नक्षी काढणाऱ्याचे? ती बहुधा दुसऱ्या कोणत्या तरी साडीवरून उचललेली. जाळी करणाऱ्याचे, रंग घोटणाऱ्याचे, की यंत्रावर उभे राहणाऱ्याचे? शिवाय तो तुकडा भाच्याच्याच मिलमधला कशावरून? हे सारे आम्ही त्याच्यापुढे मांडले, थोडेसे सुटकेच्या आशेने. तो म्हणाला, हाच तुकडा नको. मी आमच्या खात्यातून नवा आणतो.

त्याने आणला. निळ्या जमिनीवर लाल कोयरी. तिची कड एका जागी किंचित सरकलेली, म्हणून विक्रीतून बाद झालेला. सोबत कागदावर पाच नावे होती : दोन खानदेशातली, दोन ओडिशाची, एक उत्तर प्रदेशातले. रंग घोटणाऱ्याचे नुसतेच पहिले नाव होते. तो रात्रपाळीला असतो, पाळी बदलली की विचारून सांगतो, असे भाचा म्हणाला. प्रदर्शन तोवर उरकले होते. कोरे कार्ड आमच्या टेबलावर आहे; बरणी मामेबहिणीने परत नेली, नवा दादरा बांधून.