तीस रुपयांचं कमिशन

ख्रिस्ती रहस्यकादंबरी हा अमेरिकेतला भरभराटीचा धंदा आहे. फ्रँक पेरेटीने १९८६ साली ‘धिस प्रेझेंट डार्कनेस’मध्ये देवदूत आणि सैतानाच्या फौजांची लढाई एका लहानशा गावात लावून दिली. टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांनी १९९५पासून ‘लेफ्ट बिहाइंड’ या मालिकेत जगबुडी सोळा खंड पुरवून वापरली. संगणक घरोघरी आला तसा सैतानही तिथे राहायला आला. त्याच मालिकेतल्या ‘द मार्क’मध्ये माणसांच्या कातडीखाली चिप बसवली जाते. टेरी ब्लॅकस्टॉकची ‘प्रिडेटर’ (२०१०) त्या मानाने जमिनीवरची आहे. मुली समाजमाध्यमावर आपल्याविषयी जे भाबडेपणाने लिहून ठेवतात, त्यावरून माग काढणारा खुनी तिच्यात आहे.

या सगळ्याच्या मुळाशी बायबलमधल्या ‘प्रकटीकरण’ ग्रंथाचा तेरावा अध्याय आहे. श्वापदाची खूण उजव्या हातावर किंवा कपाळावर असल्याशिवाय कोणालाही काही विकत घेता येणार नाही की विकता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. बारकोड आला तेव्हा काहींना त्यात ही खूण दिसली, मग क्रेडिट कार्डात, मग चिपमध्ये. आपल्याकडे आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. पुढे मिझोराममधल्या काही ख्रिस्ती गटांनी हीच शंका काढून आधार नाकारलं. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अंगठ्याचा ठसा यंत्राने ओळखला नाही म्हणून ज्याचं रेशन अडलं, त्याला त्या अध्यायाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

तरीही कादंबरी म्हणून हे श्वापद फार उपयोगाचं नाही. ते दूर असतं, अवाढव्य असतं, आणि मुख्य म्हणजे ते कायम ‘त्यांचं’ असतं. वाचक निष्पाप राहतो. सायबर गुन्ह्यांची खरी प्रकरणं उघडून पाहिली की हा निष्पापपणा टिकत नाही.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण घ्या. ऑगस्ट २०१८मध्ये हल्लेखोरांनी बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर शिरवलं. एटीएममध्ये कार्ड घातलं की ‘याच्या खात्यात पैसे आहेत का?’ हा प्रश्न बँकेच्या मुख्य संगणकाकडे जायला हवा. हल्लेखोरांनी वाटेत आपला खोटा स्विच बसवला. तो प्रत्येक प्रश्नाला स्वतःच ‘आहेत, द्या’ असं उत्तर देत राहिला आणि मुख्य संगणकाला पत्ताही लागला नाही. ११ ऑगस्टच्या शनिवारी २८ देशांतल्या एटीएममधून नकली कार्डांवर पैसे निघाले, तसेच ते भारतातही निघाले. १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेमार्गे आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण तोटा सुमारे ९४ कोटींचा. २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा ठोठावली. खटल्यात सापडली ती बहुतेक शेवटच्या टोकाची माणसं होती, म्हणजे हातात नकली कार्डांचा गठ्ठा घेऊन यंत्रापुढे उभी राहिलेली आणि त्यांना जमवून आणणारी. ज्यांनी तो खोटा स्विच रचला, ते त्या पिंजऱ्यात नव्हते.

अमेरिकी कादंबरी त्या अदृश्य सूत्रधारामागे धावली असती. मराठी कादंबरीने एटीएमपुढच्या माणसापाशी थांबावं. त्याला संगणकातलं ओ की ठो कळत नाही. कोणीतरी सांगितलं, इतके काढ, इतकं तुझं कमिशन. आज त्याचा भाऊबंद म्हणजे आपलं बँक खातं भाड्याने देणारा तरुण. पोलिसांच्या बोलीत अशा खात्याला ‘म्यूल’ खातं म्हणतात. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या हवाली केलं की याचं काम संपलं, आणि पैसा कुठून आला हे न विचारण्याचेच पैसे त्याला मिळतात. मत्तयच्या शुभवर्तमानात येशूला धरून देणाऱ्या यहूदाला तीस रुपये तोलून देतात, तोही एका मोठ्या कटातला कमिशनचा माणूसच. फरक इतकाच, की यहूदाला आपण कोणाला धरून देतो आहोत हे ठाऊक होतं.

दुसऱ्या टोकाला ज्याचे पैसे गेले तो असतो. ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये चोर कुलूप फोडत नाही, तो धाक घालतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, असा फोन येतो. मग व्हिडिओवर गणवेशातला अधिकारी, मागे पोलिस ठाण्याचा देखावा. कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कोणाला सांगायचं नाही, ‘तपासणी’साठी रक्कम अमुक खात्यात टाकायची. २०२४मध्ये पंजाबातल्या एका नामवंत वस्त्रोद्योग समूहाच्या वयोवृद्ध प्रमुखांना तर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवली, सरन्यायाधीशांच्या तोतयासह. सात कोटी गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्ये सांगावं लागलं, की कायद्यात डिजिटल अटक असा प्रकारच नाही. या सापळ्यातलं सर्वांत धारदार हत्यार कोणतं, तर ‘कोणाला सांगू नका’ हे एक वाक्य. फसल्यावरही ते वाक्य सुटत नाही. आता शरमेपायी माणूस स्वतःच कोणाला सांगत नाही. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर फोन जाईल तितका पैसा वाटेत गोठवण्याचा संभव जास्त; आणि नेमके तेच तास तोंड लपवण्यात जातात.

म्हणूनच ख्रिस्ती लेखकाने हा विषय घ्यावा. जगबुडीची भीती त्याच्याकडे आहेच, पण भीती तर त्या तोतया अधिकाऱ्याकडेही आहे. कबुली मात्र ख्रिस्ती परंपरेचा घरचा विषय आहे.

अशा कादंबरीसाठी नाशिकइतकं सोयीचं गाव शोधून सापडायचं नाही. देशाचा विश्वास इथे कागदावर छापला जातो. नाशिकरोडचं मुद्रांक छापणारं भारत प्रतिभूती मुद्रणालय १९२०च्या दशकातलं, शेजारी नोटांचा छापखाना. तेलगीने खोट्या मुद्रांकांचं साम्राज्य उभं केलं तेही इथल्या छापखान्यातून भंगारात निघालेली यंत्रं हस्तगत करून. आणि २०२१मध्ये नोटांच्या छापखान्यातून पाच लाख रुपये गहाळ झाल्याची बातमी आली, तेव्हा गावभर चोरीचीच चर्चा होती. पोलिस तपासात निघालं ते वेगळंच. नोटांचं बंडल चुकून पंच होऊन बाद झालं होतं, आणि कारवाईच्या धास्तीने ते लपवलं गेलं होतं. चोर नव्हताच, होती ती न सांगितलेली चूक. रहस्यकथेला याहून चांगलं बीज कोणी द्यायचं?

मराठी ख्रिस्ती गद्याला अशी घरची, कबुलीची गोष्ट नवखी नाही. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ची. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं, तीच एका ख्रिस्ती लेखकाची आहे आणि ती विधवांच्या हालांवर आहे. ती प्रचारकी आहे हे खरं, पण ती डोळे उघडे ठेवून आजूबाजूची घरं पाहते, आभाळातलं युद्ध पाहत बसत नाही. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त घरातली फजिती, नवऱ्याचा भोळेपणा, स्वतःचा सोवळ्याओवळ्याचा हट्ट, काही झाकून ठेवलं नाही. १९३४ साली त्याचा पहिला भाग आला. फसवणुकीची कथा शरम न बाळगता आणि हसत कशी सांगावी, याचा याहून सरस धडा मराठीत नाही. अमेरिकी कपाटातून उसनं काही आणण्याआधी हे पुस्तक पुन्हा चाळावं.

मग कथानक असं होऊ शकतं. नाशिकरोड परिसरातले एक फादर. शनिवारी संध्याकाळी पापनिवेदनाला एक तरुण येतो आणि सांगतो, की मी खातं भाड्याने दिलंय, आज दुपारी त्यात अठरा लाख आले. फादरांना सकाळीच त्यांच्या धर्मग्रामातल्या एका निवृत्त शिक्षिकेने घाबऱ्याघुबऱ्या आवाजात विचारलेलं असतं, की दिल्लीचे साहेब व्हिडिओवरून अटक करू शकतात का. दोन्ही धागे त्यांच्या हातात येतात. पण कॅथलिक धर्मगुरूला पापनिवेदनात ऐकलेलं कोणालाही सांगता येत नाही, पोलिसांना नाही, बँकेला नाही, त्या बाईंनाही नाही. हिचकॉकने ‘आय कन्फेस’मध्ये (१९५३) खुनाच्या प्रकरणात हाच पेच वापरला होता. खून तिथे होऊन गेलेला असतो. इथे पैसा अजून या खात्यातून त्या खात्यात सरकतो आहे. फादरांच्या हाती एकच उपाय उरतो, तो म्हणजे त्या पोराला स्वतःहून १९३०वर फोन करायला तयार करणं. पोरगा म्हणतो, ‘फादर, मग मीच आत जाईन की.’ आणि तसं तो जाऊ शकतो, हे फादरांना पक्कं ठाऊक असतं.