योग आणि क्षेम : एका पगाराचे घर



कीर्तन संपून बुक्का लावताना लोक जे विचारतात ते पूर्वी बहुधा माळेविषयी, एकादशीविषयी असे. अलीकडे पुण्या-मुंबईकडे गेलो की दुसराच प्रश्न कानी येतो. "महाराज, एकाचा पगार चांगला आहे. तेवढ्यावर घर सुखाने चालेल का, की दोघांनीही नोकरी केलीच पाहिजे?" विचारणारे गरीब नसतात. डॉक्टर असतात, इंजिनिअर असतात, बँकेतले अधिकारी असतात. हातावर पोट असलेला मनुष्य हा प्रश्न विचारीतच नाही. त्याच्या घरी दोघे काय, पोरेसुद्धा राबत असतात. तेव्हा हा प्रश्न पोटाचा नाही हे आरंभीच ध्यानात घ्यावे. तो 'सुखाने' या शब्दाचा आहे.

आता पूर्वपक्ष असा मांडतात की, आजोबांच्या काळी एक मिळवी आणि दहा जण खात. मग आजच काय झाले? हे म्हणणे ऐकायला गोड आहे, पण अर्धेच खरे आहे. दहा जण खात हे खरे. एकच मिळवी हे खरे नाही. कुणब्याच्या घरी नांगर पुरुषाचा, तर लावणी, खुरपणी, दळण-कांडण, गुरांचे शेण-पाणी बाईचे. कुंभाराच्या, विणकराच्या घरी तर कोणाचे काम कोठे संपते ते दाखवताच यायचे नाही. मुंबईच्या गिरणीतून कोकणात मनिऑर्डर जाई ती एकाच्या नावाची, पण त्या मनिऑर्डरीच्या दुसऱ्या टोकाला भातशेती उभी होती आणि ती बायकाच करीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, तेव्हा कित्येक घरे तगली ती खानावळीच्या डब्यांवर, पापड-लोणच्यावर, लोकांकडच्या धुण्याभांड्यांवर आणि गावाकडच्या तांदळावर. जे काम कोणी हिशेबात धरले नव्हते तेच उपयोगी पडले.

खऱ्या अर्थाने एका पगाराचे घर आपल्याकडे कोणाचे होते? कारकुनाचे, मास्तरांचे, पोस्टातल्या, रेल्वेतल्या माणसाचे. पगार बेताचा, तरी ते घर चाले. का चाले, हे नीट पाहिले पाहिजे, कारण सगळी मेख तेथे आहे.

'योगक्षेम' हा शब्द आपण गीतेत वाचतो आणि त्याचा अर्थ नुसता 'पोटापाण्याची सोय' असा करून पुढे जातो. भगवान शंकराचार्यांनी भाष्यात त्याचे दोन भाग स्वच्छ केले आहेत. जे नाही ते मिळणे म्हणजे योग, आणि जे मिळाले आहे त्याचे रक्षण म्हणजे क्षेम. आता हे मास्तरांच्या घराला लावून पाहा. त्यांचा योग लहान होता, पण क्षेम मोठा होता. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे मुंबईच्या चाळीतले भाडे जणू थिजलेले. मुलांना नगरपालिकेची शाळा. रेशनचे धान्य. म्हातारपणी पेन्शन, आणि पाठीमागे पत्नीला अर्धीमुर्धी का होईना कुटुंब-पेन्शन. गावी भाऊ, भावाच्या घरी वर्षाचे कडधान्य. यातले काहीही पगाराच्या कागदावर लिहिलेले नसे, पण पगाराला त्याचा टेकू असे.

आजच्या मोठ्या पगाराला तो टेकू नाही. राज्य सरकारने १ नोव्हेंबर २००५पासून नव्याने लागणाऱ्यांना जुन्या पेन्शनऐवजी वर्गणीची पद्धत लावली. खासगी कंपनीतल्या माणसाला तशी पेन्शन पूर्वीही क्वचितच होती. घर बाजारभावाने, शाळा बाजारभावाने, आजारपण बाजारभावाने. म्हणजे पूर्वी जो क्षेम आपोआप अंगणात येऊन पडे, तो आता योगातून विकत घ्यावा लागतो. म्हणून आकडा ऐकून 'बाप रे, एवढा पगार!' असे जे सासुरवाडीचे लोक म्हणतात, ते फसतात. आणि पुष्कळदा ज्याचा पगार आहे तोही फसतो.

हिशेबच करून पाहू. कीर्तनकाराने हिशेब करू नये असा काही नियम नाही. दिंडीच्या भिशीचा हिशेब आम्ही वीस वर्षे ठेवला आहे. समजा, पुण्यात एका इंजिनिअरला वर्षाला २४ लाखांचे पॅकेज आहे. पॅकेजमध्ये कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीही मोजलेला असतो. तो, स्वतःचा तेवढाच निधी आणि २०२५-२६च्या दराने प्राप्तिकर वजा जाता हातात महिन्याला सुमारे दीड लाख येतात. त्याने एक कोटीचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले, तर हप्ता सुमारे ८६,८०० रुपये. वीस वर्षांत बँकेकडे दोन कोटी आठ लाख जातात. हप्ता जाऊन उरले त्रेसष्ट-चौसष्ट हजार. सरकारच्या २०२३-२४च्या पाहणीत शहरी माणसाचा सरासरी मासिक खर्च ६,९९६ रुपये निघाला. म्हणजे चौघांचे अठ्ठावीस हजार धरा. मग त्रेसष्ट हजारांत या घराला सुखाने राहता येऊ नये काय? येते की! पण ते ज्या सोसायटीत राहतात तेथे राहता येत नाही. तेथली शाळा, तेथली गाडी, तेथले वाढदिवस, हे सगळे दोन पगारांच्या मापाने शिवलेले अंगरखे आहेत.

आणि यातला एक बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बँक कर्ज देताना नवरा-बायको दोघांचे उत्पन्न एकत्र धरते. त्यामुळे घराची बोली दोन पगारांनी लागते. त्या लिलावात एक पगार घेऊन उतरणारा मनुष्य उधळा नसला तरी हरतो. जिंकलाच तर अधिक वाईट, कारण मग पुढली वीस वर्षे तो त्या जिंकण्याची किंमत भरीत बसतो. म्हणून एका पगारावर राहायचे असेल तर पहिला निर्णय किराणा मालाचा नव्हे. तूप कमी घातल्याने हे घर सावरत नाही. निर्णय कर्जाच्या सहीच्या वेळी होतो. तेच कर्ज पन्नास लाखांचे असते तर हप्ता ४३,४०० असता, आणि त्याच पगारात ते घर निराळे दिसले असते. खोल्या लहान असत्या, एवढेच.

बृहदारण्यकात मैत्रेयी याज्ञवल्क्यांना विचारते की ही सारी पृथ्वी धनाने भरून मला मिळाली तर मी अमर होईन काय? ऋषींचे उत्तर मोठे मोजके आहे. साधने असलेल्या माणसांचे जसे जगणे असते तसे तुझे होईल, अमृतत्वाची मात्र आशा नको. लोक यातला दुसराच भाग सांगतात. पहिला भागही ऐकावा. धनाने काहीच मिळत नाही असे याज्ञवल्क्य म्हणत नाहीत, आणि ही गोष्ट निघते तीच मुळी ते घर सोडण्यापूर्वी दोघी पत्नींची वाटणी करायला बसले असताना. आधी घरच्यांची तरतूद, मग अरण्य. तुकोबारायांनीही धन मिळवू नये असे सांगितलेले नाही. ते कोणत्या मार्गाने येते आणि मन त्यात किती अडकते, हे पाहायला सांगितले.

मार्गाचा विषय निघाला म्हणून एक हकिगत सांगतो. नावगाव सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ सप्त्यात आमच्याकडे आले. वय चाळिशीच्या आतबाहेर, बांधकाम कंपनीत वरिष्ठ इंजिनिअर, पगार वर सांगितला तेवढाच. पत्नी औषधशास्त्र शिकलेली. दुसऱ्या मुलाच्या वेळी तिने नोकरी सोडली होती. त्यांनीही हाच प्रश्न विचारला : एका पगारात भागेल का? आम्ही म्हटले, "बाबा, भागत नाही का?" तर गप्प. मग हळूहळू निघाले. काँक्रीट ओतले की त्याचे ठोकळे करून ठेवतात आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ते दाबून ताकद पाहतात. एका मजल्याचे ठोकळे कमी भरले होते, आणि वरिष्ठ म्हणत होते की आकडे बरोबर लिहून सही कर. "सही नाही केली तर नोकरी जाईल, महाराज. आणि हप्ता एक्याऐंशी हजार आहे."

तेव्हा आम्हाला कळले की प्रश्न तांदूळ-डाळीचा नव्हता. एका पगाराच्या घरात खरी टंचाई असते ती 'नाही' म्हणण्याच्या ऐपतीची. दोन पगार असले तर एकजण म्हणू शकतो, तू सोड, मी बघते. एकच पगार असेल आणि त्याचा निम्म्याहून मोठा भाग आधीच गहाण पडला असेल, तर त्या घरी नुसते घर गहाण नसते. मिळवणाऱ्याची जीभही गहाण असते. उद्या त्या मजल्यावर कोणाची तरी लेकरे निजणार!

ते म्हणाले, "उद्याच राजीनामा देतो." आम्ही म्हटले, थांबा. देहूला तुकोबारायांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पण चरित्रात असेही आहे की आधी त्यांनी त्यांच्या दोन वाटण्या केल्या, धाकटे बंधू कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती दिला, आणि बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची. आपले वैराग्य भावाच्या पैशाने करायचे नाही, एवढा विवेक त्या प्रसंगीही राहिला. तुमच्या राजीनाम्यात तुमच्या पत्नीचा आणि मुलांचा वाटा आहे. सही करू नका हे आम्ही निश्चित सांगतो. ते पाप आहे, त्यात विचारायचे काही नाही. पण पुढे घर कसे चालवायचे हे एकट्याने ठरवू नका. घरी जा, बाईंना बोलवा, कागद समोर मांडा.

बाई दुसऱ्या दिवशी स्वतःच आल्या. त्या जे बोलल्या ते आम्ही विसरलो नाही. "महाराज, हे मला सांगतच नव्हते. मला वाटायचं, मी मिळवत नाही म्हणून चिडतात." चार महिने एका छपराखाली दोघे दोन निरनिराळी दुःखे भोगीत होती, आणि दोन्हींच्या मुळाशी तो एकच आकडा.

यावरून दुसरी गोष्ट निघते. ज्याचा पगार तो धनी आणि दुसरे माणूस आश्रित, अशी समजूत एका पगाराच्या घरात शिरायला वेळ लागत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये लोकांच्या दिवसाचा हिशेब घेतला. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ त्यात जात होता. पुरुषांचा ९७ मिनिटे, आणि तोही शंभरातले जे सव्वीस पुरुष काही करीत होते तेवढ्यांचाच. पाच तासांचे हे काम ज्या दिवशी कोणी करीत नाही, त्या दिवशी ते विकत घ्यावे लागते : पाळणाघर, स्वयंपाकीण, म्हाताऱ्यांना सोबत. दुसऱ्या पगारातला मोठा भाग पुष्कळदा तिकडेच जातो. म्हणजे घरी राहणारे माणूस क्षेम सांभाळते. योग करणाऱ्याने त्याला खर्चाचा जाब विचारावा, हा कोठला न्याय?

आणि घरी राहणारी ती बाईच असली पाहिजे, असे आम्ही म्हणत नाही. जुन्या मंडळींना हे रुचणार नाही, न रुचो. शिकलेल्या सुनेला बाहेर काम करावेसे वाटत असेल तर पगार पुरतो या सबबीखाली तिला बसवून ठेवणे म्हणजे तिचा वाटा नदीत बुडवणेच होय, आणि तिला घरी राहावेसे वाटत असताना हप्त्यासाठी बाहेर धाडणेही तेच.

'महाराज, तर मग आकडाच सांगा', असा आग्रह काही वाचक धरतील. पगाराचा आकडा आम्ही सांगत नाही, कारण तीस हजारांत समाधानी घरे आम्ही पाहिली आहेत आणि तीन लाखांत तळमळणारीही. पण काही गोष्टी तपासता येतात. हप्ता हाती येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत आहे काय? पगार थांबला तर सहा महिने चूल पेटेल एवढी रक्कम बाजूला आहे काय? २०२५च्या जुलैत देशातल्या एका फार मोठ्या संगणक-कंपनीने बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले. तेथेही आपली नोकरी पक्की असे समजणारेच होते. मिळवणाऱ्याचा आयुर्विमा आहे काय, आणि आईवडिलांसह सर्वांच्या आजारपणाची सोय कंपनीच्या भरवशावर नव्हे तर आपली स्वतःची आहे काय? घर दोघांच्या नावावर आहे काय? गेल्या वर्षी एका घरी आम्ही समाचाराला गेलो. नवरा अकस्मात गेलेला. त्या माउलीला नवऱ्याची खाती कोणत्या बँकांत आहेत हेसुद्धा ठाऊक नव्हते. वारस म्हणून एका खात्यावर अजून सासूबाईंचे नाव, आणि त्या जाऊन सहा वर्षे झालेली.

त्या इंजिनिअर गृहस्थांनी सही केली नाही. बदली झाली, पुढे नोकरीही सुटली. फ्लॅट विकून कर्ज फेडले, उरले ते ठेवीत टाकले. आता सासवडच्या बाजूला दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. नव्या जागी पगार पूर्वीच्या दोन-तृतीयांश आहे. बाई सकाळी चार तास औषधांच्या दुकानात बसतात, आणि त्या चार तासांत मुलाची वेणीफणी, म्हणजे धाकट्याचा डबा आणि दप्तर, हे गृहस्थ करतात. डबा अजून बिघडतो, असे बाई सांगत होत्या.